मिलफॉयमधले तुर्की क्योफ्ते : वरून खुसखुशीत, तळाशी कच्चे का राहतात?

अंकाऱ्याची_अनघा

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त आम्ही चार वर्षे अंकाऱ्याला राहिलो आणि गेल्या जूनमध्ये पुण्याला परतलो. तिथे आमच्या इमारतीतल्या बायकांचा महिन्यातून एकदा 'ग्युन' असे. ग्युन म्हणजे दिवस. पद्धत थेट आपल्या भिशीची, फक्त पैशांऐवजी बहुधा सोन्याचे छोटे नाणे देतात, आणि जिच्या घरी पाळी असेल ती चहाबरोबर ब्योरेक (पातळ पोळ्यांत सारण भरून केलेला पदार्थ), पोआचा (छोटे मऊ पाव), बुलगुरची (उकडून भरडलेल्या गव्हाची) कोशिंबीर असे पदार्थ मांडते. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या शेजारणीच्या घरी मी पहिल्यांदा मिलफॉयमधले क्योफ्ते, म्हणजे खिम्याचे गोळे, खाल्ले. मिलफॉय म्हणजे आपण ज्याला पफ पेस्ट्री म्हणतो ते पदर सुटणारे पीठ. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'हजार पाने' असा आहे आणि तुर्कांनी तो आपल्या उच्चारात बसवून घेतला आहे. तिथे त्याचे चौकोनी गोठवलेले तुकडे प्रत्येक दुकानात मिळतात. त्यावर मांसाचा छोटा चपटा गोळा ठेवायचा, चारही कोपरे वर आणून बोहचा, म्हणजे गाठोडे बांधायचे, अंड्याचा बलक लावायचा, वर तीळ आणि कलौंजी भुरभुरायची आणि भाजायचे.

परत आल्यापासून मी हा पदार्थ तीनदा केला आणि तिन्ही वेळा फसला. अर्धा किलो मटणाचा खिमा, एक मोठा कांदा किसून, पाऊण वाटी शिळ्या पावाचा चुरा, एक अंडे, मूठभर बारीक चिरलेली पार्सली, एक चमचा जिरेपूड, अर्धा चमचा मिरपूड आणि मीठ, एवढेच मी त्यात घालते. कच्चे गोळे पिठात बांधून २०० अंशांवर २५ मिनिटे भाजते. वरून रंग सुरेख येतो, पदरही सुटतात, परंतु उचलले की तळ पांढरट, ओला आणि चक्क कच्चा असतो, आणि आतला क्योफ्ते स्वतःच्याच पाण्यात बसलेला असतो. शेजारीण मांसाखाली बटाट्याचा लगदा पसरत असे. मला तो अनावश्यक वाटला म्हणून मी वगळला. बाकी सगळे तिच्यासारखेच करते आहे असे मला वाटते. चूक नेमकी कुठे होते आहे, हे कृपया सांगा.

निशिगंध

कांदा किसल्यावर पिळला होता का?

अंकाऱ्याची_अनघा

नाही. पिळला तर चव जाईल असे वाटले.

निशिगंध

मग निम्मे उत्तर तिथेच आहे. मोठा कांदा किसून मुठीत दाबला तर चांगले तीन-चार चमचे पाणी निघते. चव कांद्याच्या चोथ्यातही पुरेशी राहते, त्यामुळे ती भीती बाळगू नका. ते पाणी वाटीत धरून पावाच्या चुऱ्यावर घालावे म्हणजे वाया जात नाही आणि मोकळेही सुटत नाही.

भट्टीवरचा_माणूस

मी मुंबईत बेकरीत गेली बावीस वर्षे खारी आणि पॅटिस करतो, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

हे पीठ फुगते ते वाफेमुळे. त्यात ना यीस्ट असते ना सोडा. पिठाच्या पोळीत लोणी गुंडाळून तीन घड्या घालायच्या, लाटायचे, पुन्हा तीन घड्या घालायच्या, असे सहा वेळा केले की लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीत लोणी वितळते, पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ एकेक पदर वर उचलते. दोन पदरांमध्ये वितळलेले लोणी असल्याने ते एकमेकांना चिकटत नाहीत. यासाठी दोन गोष्टी लागतात. आत जाताना पीठ थंडगार हवे आणि आत गेल्यावर त्याला चटकन जोरदार उष्णता मिळाली पाहिजे.

आता तुमच्या गाठोड्याच्या तळाचा विचार करा. त्याच्यावर मांसाचे वजन आहे, त्यामुळे तो उचलला जाऊ शकत नाही. कच्चे मांस तापले की आक्रसते आणि रस सोडते, तो रस खाली जाऊन पिठात मुरतो. ओले झालेले पीठ भाजले जाण्याआधी वाफवले जाते, म्हणजे मोदकाच्या पारीसारखे होते. वर सोनेरी रंग आला म्हणून तुम्ही बाहेर काढता, पण तळाला तेवढ्या वेळात पाणी आटवण्यापलीकडे काही जमलेलेच नसते.

आमच्या बेकरीत खिमा पॅटिससाठी खिमा आधी पूर्ण शिजवून, पाणी आटवून, परातीत पसरून रात्रभर गार करतात. कच्चा खिमा पिठात भरलेला मी कोणत्याही चांगल्या भट्टीवर पाहिलेला नाही. तुम्हीही क्योफ्ते तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परतून घ्या, जाळीवर किंवा कागदावर निथळू द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच गुंडाळा. कोमट गोळासुद्धा ठेवू नका, कारण लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि कोमट मांसाखाली पदर भट्टीत जाण्याआधीच एकजीव होतात.

शिवाय बलक लावताना तो कापलेल्या कडेवरून ओघळू देऊ नका. तिथे अंडे सुकले की पदर एकमेकांना शिवल्यासारखे बसतात.

कोल्हापूरची_लेक

मला पाककृतीच थोडी फिकी वाटते. अर्धा किलो मटणाला फक्त जिरे आणि मिरी? आले-लसूण, गरम मसाला आणि एक चमचा आमचा कांदा-लसूण मसाला घातला तर त्याला काही दम येईल. मी याच पद्धतीने रविवारी करून पाहणार आहे.

मृण्मयी_स्टुटगार्ट

कोल्हापूरच्या ताई, तुमच्या घरी तो पदार्थ उत्तमच होईल, परंतु मग तो खिमा पॅटिस होईल, क्योफ्ते राहणार नाही. क्योफ्ते खाताना आधी मांसाची चव लागली पाहिजे, मग कांद्याची, आणि जिरे शेवटी कुठेतरी मागे जाणवले पाहिजे. बुर्सा प्रांतातल्या इनेगोलचे क्योफ्ते त्या देशात प्रसिद्ध आहेत आणि त्यांत मांस, कांदा, मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा यांपलीकडे जवळजवळ काही नसते. याचा अर्थ लसूण निषिद्ध आहे असा मात्र मुळीच नाही. काळ्या समुद्राकडच्या अक्चाआबातच्या क्योफ्त्यात लसूण आणि शिळा पाव दोन्ही असतात, आणि तेकिरदाअच्या क्योफ्त्याबरोबर तिखट लाल मिरचीची चटणी वाढतात. प्रत्येक गावाचे आपले प्रमाण आहे, पण दालचिनी-लवंगेचा आपल्यासारखा भडिमार त्यांपैकी कुठेही नसतो.

मी स्टुटगार्टला तेरा वर्षे आहे. १९६१ साली जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार-भरतीचा करार झाला, तेव्हापासून इथे तुर्की वस्ती वाढत गेली, त्यामुळे खाटकाच्या दुकानात उभे राहूनच मी बरेच शिकले. पहिल्यांदा गेले तेव्हा काचेमागे पाटीवर 'कियमा' असे लिहिलेले पाहून मला जे वाटले ते सांगता येणार नाही. आपला खिमा हा शब्द त्याच कियम्यावरून आला आहे. बारीक चिरणे या अर्थाच्या तुर्की क्रियापदाचे ते रूप आहे. आणि क्योफ्ते व आपला कोफ्ता ही तर कुटणे या अर्थाच्या एकाच फारसी क्रियापदाची दोन लेकरे. बोहचाच्या बाबतीतही, उर्दूतला बुक़चा आणि आपले बोचके हे मला त्याच घरातले वाटतात.

त्या खाटकाने मला पहिला प्रश्न विचारला तो 'दाना की कुझू', म्हणजे गायीच्या वासराचे की कोकराचे. दुसरा प्रश्न होता चरबी किती ठेवू. क्योफ्त्यासाठी पाचवा हिस्सा चरबी असावी, असे तो नेहमी सांगतो. अनघाताई, आपल्याकडचे बोकडाचे मटण त्या मानाने फार कोरडे असते, म्हणून रानाच्या (मांडीच्या) खिम्यात थोडे सीन्याचे (छातीचे) मांस किंवा चरबी मुद्दाम मिसळून घ्या. नाहीतर आधी परतलेला क्योफ्ते पुन्हा भट्टीत गेल्यावर आवळून घट्ट होईल.

मळण्याबद्दलही सांगते, कारण घरी सर्वांत जास्त कुचराई तिथेच होते. मीठ घालून खिमा निदान दहा मिनिटे कणकेसारखा मळावा. सुरुवातीला तो बोटांमधून सुटा सुटा निसटतो, मग हळूहळू चिकट होतो, आणि तळवा उलटा केला तरी गोळा खाली पडत नाही अशी अवस्था येते. मिठामुळे मांसातली प्रथिने सुटून एकमेकांना धरतात आणि मग तीच पाणीही धरून ठेवतात. त्यानंतर झाकून दोन तास शीतकपाटात ठेवायचा. नीट न मळलेला क्योफ्ते पाणी सोडणारच.

कोल्हापूरची_लेक

मृण्मयी, पटले. रविवारी अर्धे तुझ्या पद्धतीने आणि अर्धे माझ्या पद्धतीने करून दोन्हींबद्दल प्रामाणिकपणे लिहीन.

दर्यावर्दी

मी बोटीवर आहे आणि इझमीरच्या बंदरात आमचा मुक्काम अनेकदा असतो. भट्टीवरचा माणूस म्हणतात ते बेकरीच्या दृष्टीने बरोबर असले तरी कच्चे मांस चालतच नाही, हे मला मान्य नाही. तिथल्या एका कुटुंबाकडे मी जेवलो त्यांनी गाठोडे बांधले नव्हते. बोटाएवढ्या लांबट कच्च्या क्योफ्त्याभोवती पिठाची एक इंच रुंद पट्टी तिरकी गुंडाळली होती, आणि दोन फेऱ्यांमध्ये मुद्दाम फट ठेवली होती. रस फटींतून बाहेर पडून ताटात जळून जात होता आणि पीठ सगळ्या बाजूंनी कडक झाले होते. खाण्यास ते मला गाठोड्यापेक्षा सरस वाटले.

भट्टीवरचा_माणूस

दर्यावर्दी, तुमची हरकत योग्य आहे आणि मी माझे विधान सुधारतो. फट असेल, गोळा बोटाएवढा बारीक असेल आणि ताट आधीच तापलेले असेल, तर कच्चे मांस चालू शकते, कारण रस कोंडून राहत नाही. चारही बाजूंनी बंद गाठोड्यात मात्र ते चालणार नाही. शिवाय कच्चा खिमा वापरताना आतपर्यंत ७१ अंश उष्णता पोहोचली पाहिजे, आणि ती पोहोचेपर्यंत लहान ओव्हनमध्ये वरचे पीठ करपू शकते. घरी मोजण्याचे साधन नसेल तर परतून घेणेच बरे.

रमाकाकू

मला एक विचारायचे आहे. आपण चिरोटे किंवा पदराच्या करंज्या करतो तेव्हा तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावतो, आणि त्यांनाही सुंदर पदर सुटतात. मग विकतचे गोठवलेले पीठ आणण्यापेक्षा साटा लावून घरीच हे आवरण का करू नये?

भट्टीवरचा_माणूस

रमाकाकू, प्रश्न फार चांगला आहे. साट्याचे पदर उमलतात ते तळणीत, गरम तुपात. तुपात पाणी जवळजवळ नसते, तर लोण्यात साधारण १६ टक्क्यांपर्यंत असते, आणि पदर उचलणारी वाफ काही अंशी त्याच पाण्याची होते. साटा लावलेली पोळी भट्टीत भाजली तर ती खुसखुशीत होईल, पण इंचभर फुगणार नाही. चव मात्र वाईट लागणार नाही.

अंकाऱ्याची_अनघा

रमाकाकू, तुर्की घरांतही मिलफॉय सहसा कोणी घरी करत नाही. ब्योरेकसाठी लागणारी पातळ युफ्का अजून कितीतरी बायका स्वतः लाटतात, आणि त्यांची ती बारीक लांब लाटण्याची काठी पाहिली की आपल्या पुरणपोळी लाटणाऱ्या हातांची आठवण येते. मिलफॉय मात्र सोयीचे पीठ म्हणून सरळ विकत आणतात.

पालेभाजी

मी मांस खात नाही, परंतु हे वाचून करावेसे वाटते आहे. तुर्कस्तानात मसुरीच्या डाळीचे क्योफ्ते असतात असे ऐकले आहे, ते यात घालता येतील का?

मृण्मयी_स्टुटगार्ट

असतात, आणि ते फार चवदार असतात. मसुरीची डाळ शिजवून त्यात बारीक बुलगुर भिजवतात, वर परतलेला कांदा, टोमॅटोचा घट्ट गर आणि भरपूर पार्सली घालून मुठीत दाबून वळतात. परंतु ते गार खायचे असतात, लेट्यूसच्या पानात धरून, वर लिंबू पिळून. पिठात भरून भाजले तर पिठूळावर पिठूळ होईल आणि दोन्हींची मजा जाईल. तुम्ही त्याऐवजी पालक आणि चुरलेले पांढरे चीज भरा, ते तुर्की ब्योरेकचे नेहमीचे सारण आहे. पालक मात्र परतून घट्ट पिळून घ्या, नाहीतर अनघाताईंचाच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल.

खारीप्रेमी

पुण्यात पीठ कोणते घ्यावे? मी एका मोठ्या दुकानातून गोठवलेले पाकीट आणले होते. पदर सुटले, परंतु खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर चिकटत होता.

भट्टीवरचा_माणूस

पाकिटावरची घटकांची यादी वाचा. लोण्याऐवजी वनस्पती स्निग्धांश असेल तर तो शरीराच्या उष्णतेला पूर्ण वितळत नाही आणि टाळूवर बसतो. आपली नेहमीची खारी त्याच्यावरच होते आणि चहात बुडवल्यावर ते खपून जाते, मांसाबरोबर मात्र खपत नाही. लोण्याचे पीठ मिळाले तर थोडे महाग पडले तरी घ्या. ते शीतकपाटात रात्रभर ठेवून सोडवा, ओट्यावर ठेवून नव्हे. कडाप्प्याचा ओटा असेल तर त्यावर दहा मिनिटे बर्फाचे ताट ठेवून, पुसून, मग त्यावर काम करा. एप्रिल-मेमध्ये एका वेळी चारच तुकडे बाहेर काढा.

दुबईकर_अभियंता

याच कुळातला 'तालाश कबाब' कोणी खाल्ला आहे का? तालाश म्हणजे लाकडाचा भुसा. पीठ चावताना जो भुगा पडतो त्यावरून हे नाव आले आहे. त्यात खिमा नसतो. कोकराच्या मांसाचे बारीक तुकडे कांद्याबरोबर मऊ शिजवून, बहुतेक वेळा मटार-गाजर घालून, मिलफॉयमध्ये चौकोनी बांधतात. त्या पाककृतीतही रस्सा पूर्ण आटवून सारण गार केल्याशिवाय पुढे जायचे नाही, अशी सक्त सूचना असते. यावरून भट्टीवरच्या माणसाचे म्हणणे तिथल्या परंपरेलाही धरून आहे, असे दिसते.

निशिगंध

मूळ प्रश्नाकडे परत येते. अनघाताईंनी पहिल्याच लेखनात लिहिले आहे की शेजारीण मांसाखाली बटाट्याचा लगदा पसरत असे. आपण सगळे कांदा, मळणे आणि लोणी यांवर बोललो, आणि त्या वाक्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. तो लगदाच रस शोषून घेत असणार.

भट्टीवरचा_माणूस

अगदी बरोबर. शिजलेल्या बटाट्यातला स्टार्च पाणी धरतो. मी तीनदा वाचूनही ते वाक्य माझ्या नजरेतून सुटले, याचे वाईट वाटते. लगदा मात्र कोरडा हवा, दूध घालून सैल केलेला नको.

अंकाऱ्याची_अनघा

मंडळी, काल दिवसभर हेच केले आणि आता सविस्तर लिहिते.

सीन्याचे मांस मिसळलेला अर्धा किलो खिमा आणला. कांदा पिळून घेतला, पाणी पावाच्या चुऱ्याला दिले, चिमूटभर सोडा घातला आणि घड्याळ लावून दहा मिनिटे मळला. तळवा उलटा केला तेव्हा गोळा खरोखरच हाताला धरून राहिला. दोन तासांनी अक्रोडापेक्षा थोडे मोठे सोळा चपटे गोळे वळले. त्यांतले चार कच्चे ठेवले आणि बारा तव्यावर परतून, निथळून, पूर्ण गार केले.

मग चार-चारचे गट केले. पहिल्या गटात कच्चा गोळा, दुसऱ्यात परतलेला गोळा, तिसऱ्यात परतलेला गोळा आणि खाली मीठ-मिरी घातलेला बटाट्याचा कोरडा लगदा एक चमचा. शेवटच्या चार परतलेल्या गोळ्यांना दर्यावर्दींच्या पद्धतीने फट ठेवून पट्ट्या गुंडाळल्या. ओटीजी २२० अंशांवर २० मिनिटे तापवला, आत रिकामे ताटही ठेवले, आणि कागदावर मांडलेली गाठोडी कागदासकट त्या तापलेल्या ताटावर सरकवली. पहिली १२ मिनिटे खालच्या कप्प्यात, मग २०० अंशांवर मधल्या कप्प्यात १३ मिनिटे.

पहिल्या गटाचा तळ आधीपेक्षा बरा होता, पण मधोमध रुपयाएवढा ओला डाग राहिलाच. दुसऱ्याचा तळ पूर्ण भाजला होता, फक्त आतल्या बाजूचे एक-दोन पदर दमट होते. तिसरे गाठोडे उलटे करून सुरीच्या मुठीने ठोकले, तर खारीवर बोट वाजवावे तसा आवाज आला. कापल्यावर लगदा रसाने तांबूस झालेला दिसला, आणि त्याच्याखालचे पीठ कोरडे होते. पट्ट्यांचे क्योफ्ते सर्वांत कुरकुरीत झाले, मुलाने चारही संपवले, मला मात्र मांस किंचित कोरडे वाटले. पुढच्या वेळी ते दर्यावर्दींनी सांगितले तसे कच्चेच गुंडाळीन.

रात्री शेजारणीला फोनवर सगळे दाखवले. तिने तळ पाहिला आणि तिकडे स्वयंपाक करणाऱ्याला म्हणतात तसे 'एलिने साअलक' म्हणाली, म्हणजे तुझ्या हाताला आरोग्य लाभो. मी लगदा वगळला होता हे ऐकून तिला खरोखर आश्चर्य वाटले. तिच्या आईने तो कधी वगळला नव्हता, म्हणून तिनेही कधी कारण विचारले नव्हते. एखाद्या दिवशी बटाटे नसले तर पावाचा चुरा एक चमचा पसरावा, असेही तिने सांगितले.

कोल्हापूरची_लेक

मीही रविवारी दोन्ही प्रकार केले. खरे सांगते, पिठाच्या लोण्याच्या चवीपुढे माझा मसाला फार पुढे पुढे करत होता. साधे क्योफ्ते आधी संपले. मात्र उरलेल्या माझ्या मसालेदार खिम्याचे दुसऱ्या दिवशी गोळ्यांचे कालवण केले आणि ते भाकरीबरोबर अप्रतिम लागले.

खारीप्रेमी

अनघाताई, ही गाठोडी आधी बांधून गोठवून ठेवता येतील का? पाहुणे यायचे आहेत.

अंकाऱ्याची_अनघा

हो, रमजानच्या आधी शेजारीण तेच करत असे. परतलेले गोळे पूर्ण गार करून गाठोडी बांधायची, बलक न लावता ताटात एकमेकांपासून सुटी ठेवून कडक होईपर्यंत गोठवायची आणि मग डब्यात भरायची. हे सगळे पीठ थंड असतानाच भराभर उरकायला हवे. भाजताना ती सोडवायची नाहीत. गोठलेल्यावरच बलक, तीळ आणि कलौंजी लावून तापलेल्या ताटावर ठेवायची आणि सहा-सात मिनिटे जास्त द्यायची. बरोबर पातळ, खारट ताक ठेवा, तिकडे त्याला आयरान म्हणतात.

खारीप्रेमी

शनिवारी सोळा बांधून ठेवतो. बटाटे आजच उकडायला लावले आहेत.